आधी हृदयाची पातळी बघा: नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरात दिंडोरी-पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की मांडवाखाली दहा-बारा माणसं हात वर करून कात्री चालवताना दिसतात. दर दोन-तीन मिनिटांनी त्यातलं कुणीतरी हात खाली सोडतं, झटकतं, पुन्हा वर नेतं. लहानपणी मला ही कामचुकारी वाटायची. मग एका दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः कात्री घेतली आणि पाचव्या वेलीला माझे खांदे भरून आले. तीच कात्री कमरेच्या उंचीवर कुंडीतल्या गुलाबावर चालवली असती तर तासभर काही वाटलं नसतं.

'खांदे भरून आले' हा आपला शब्दही गमतीचा आहे. वर धरलेल्या हाताला रक्त कमी दाबाने पोचत असतं, आणि आपण म्हणतो भरून आला.

आता सकाळी मी नाशिकमध्ये नवख्यांची बॅच घेतो. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा आलेली माणसं पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास बोलतात: "सर, माझ्यात ताकदच नाही." ताकद असते. बहुतेक वेळा त्यांनी व्यायाम निवडलेला असतो, पण त्या व्यायामात दमणारा स्नायू हृदयाच्या वर आहे की खाली, हे बघितलेलं नसतं. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. यात वजन किती उचलायचं ते नाही. अंग कसं ठेवलं की स्नायूला रक्त कसं मिळतं, आणि त्याप्रमाणे पहिला महिना कसा लावायचा, एवढंच आहे.

पहिली पायरी: घरीच करून बघा

उभे राहा. एक हात सरळ वर, दुसरा खाली सैल. मिनिटभर तसेच थांबा आणि मग दोन्ही तळवे छातीसमोर एकत्र आणून बघा. वरचा फिकट झालेला असेल, खालचा लालसर असेल आणि त्याच्या पाठीवरच्या शिरा फुगलेल्या दिसतील.

आता तो शिरा फुगलेला हात सरळ ठेवूनच बाजूने हळूहळू वर न्या. एका विशिष्ट उंचीला त्या शिरा चपट्या होऊन दिसेनाशा होतात. ती उंची तुमच्या हृदयाच्या पातळीच्या आसपासची. डॉक्टर मानेतली शीर बघून शिरांमधल्या दाबाचा जो अंदाज घेतात, त्याचाच हा घरगुती अवतार. ही पातळी लक्षात ठेवा, साधारण छातीच्या मध्यावर. पुढे सगळीकडे तीच लागणार आहे.

तिसरा प्रयोग थोडा दमवणारा आहे. हात सरळ वर धरून मूठ भराभर उघडा-मिटा आणि कोपराखालचा भाग जळायला लागेपर्यंत मोजा. आकडा वहीत लिहा. दहा मिनिटं थांबून तोच हात खाली सोडून, त्याच वेगाने पुन्हा मोजा. फरक किती पडतो ते माणसागणिक बदलतं, पण खाली सोडलेल्या हाताचा आकडा बहुधा मोठा येतो. वही जपून ठेवा.

दुसरी पायरी: टाकी आणि नळ समजून घ्या

गच्चीवर टाकी असलेल्या घरात तळमजल्याच्या नळाला पाणी जोरात येतं आणि वरच्या मजल्यावरचा शॉवर नुसता ठिबकतो. शरीरात पंप मध्ये आहे, छातीत. त्याच्या खाली गेलं की धमनीतला दाब वाढतो, वर गेलं की कमी होतो. हिशोब सोपा आहे: उंचीत दर १३ सेंटिमीटरला पाऱ्याच्या साधारण १० मिलिमीटरचा फरक पडतो. ज्याचा रक्तदाब १२०/८० आहे त्याचा सरासरी दाब ९३ च्या आसपास असतो. हात डोक्यावर सरळ नेला की मनगट हृदयाच्या साधारण ६० सेंटिमीटर वर जातं, म्हणजे तिथला दाब ४५ ने घटतो, जवळजवळ निम्मा होतो. उलट उभं असताना घोटा हृदयाच्या सव्वा मीटर खाली असतो, तिथे ९० च्या वर भर पडते. दंडावर १२० दाखवणारा वरचा आकडा घोट्यापाशी दोनशेच्या पुढे असतो आणि ते अगदी नॉर्मल आहे.

रक्तदाब मोजताना हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवायला सांगतात ते याचसाठी. हात खाली लोंबकळता ठेवून मोजला तर आकडा उगाच जास्त येतो. घरी मशीन घेतलेल्यांनी हे आधी सुधारावं, निम्म्या घरांतली काळजी तिथेच कमी होईल. (निम्म्या हा माझा अंदाज आहे, कुणी मोजलेलं नाही.)

इथे एखादा चलाख वाचक अडवेल: पायात धमनीतला (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीतला) दाब वाढतो तसा शिरांमधलाही (रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांमधलाही) वाढतो ना? मग वरून ढकलणारा आणि खालून अडवणारा दोघेही सारखेच वाढले, फायदा काय झाला?

शंका बरोबर आहे, आणि या विषयाचा गाभाही नेमका इथेच आहे. स्थिर उभं राहिलं तर पायाला जवळजवळ काहीच फायदा नाही. घोट्याजवळच्या शिरेत ९० च्या आसपास दाब साचून राहतो. पण चालायला लागा. पोटरीचा स्नायू आवळला की त्याच्यातल्या आणि आजूबाजूच्या शिरा पिळल्या जातात. शिरांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे पिळलेलं रक्त फक्त वरच जाऊ शकतं. स्नायू सैल पडला की त्या रिकाम्या शिरेत खालच्या, त्वचेजवळच्या शिरांमधलं रक्त येतं. काही पावलांत घोट्याच्या शिरेतला दाब ९० वरून २०-३० पर्यंत उतरतो. धमनीतला वाढीव दाब मात्र तसाच असतो. दोघांमधली तफावत वाढली की स्नायूतून रक्त जोरात वाहतं. पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात ते उगाच नाही.

झडपांचं हे काम विल्यम हार्वेने १६२८ साली छापून दाखवलं. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट दाबून रक्त एका दिशेला जातं आणि दुसऱ्या दिशेला जात नाही, हे त्याने साध्या चित्रांतून पटवलं. वर सांगितलेल्या प्रयोगात शिरा फुगल्या असताना तुम्हीही हे करू शकता. बोटाने शीर दाबून दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारा. मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण वरचं रक्त झडप ओलांडून खाली येत नाही.

म्हणजे नियम असा झाला: स्नायू हृदयाच्या खाली असावा आणि तो हलत असावा. नुसतं खाली असून भागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लोक सगळं श्रेय ठेवणीलाच देतात. स्नायूला रक्त मिळण्यात सर्वात मोठा वाटा स्नायूच्या मागणीचा असतो. आराम करताना १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला ३-४ मिलिलिटर रक्त पुरतं. जोरात काम सुरू झालं की हे वीसपट आणि त्याहूनही वाढू शकतं. काम करणारा स्नायू स्वतःच अशी द्रव्यं सोडतो की आसपासच्या बारीक धमन्या रुंदावतात. बंद असलेल्या केशवाहिन्या कामाच्या वेळी उघडतात, या शोधासाठी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० सालचं नोबेल मिळालं. हृदयही मिनिटाला ५ लिटरवरून २० लिटरच्या आसपास जातं, आणि निवांतपणी त्यातला पाचवा हिस्सा घेणारे स्नायू कडक व्यायामात चार-पंचमांश हिस्सा खेचून घेतात. अंगाची ठेवण हे त्यावरचं कमी-जास्त करणारं बटण आहे. पण नवख्याच्या हातात पहिल्या दिवशी तेवढं एकच बटण असतं. बाकीचं तयार व्हायला आठवडे लागतात.

तिसरी पायरी: सुरुवात पायांवर, चालत

पहिले दोन आठवडे चाला. कंटाळवाणं वाटेल, पण वर सांगितलेली सगळी यंत्रणा यात तुमच्या बाजूने असते: मोठे स्नायू, हृदयाच्या खाली, आळीपाळीने आवळणारे आणि सुटणारे. पहिली सात-आठ मिनिटं रमतगमत, मग वीस मिनिटं अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

थंडीत ही सुरुवात थोडी लांबवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा एक आकड्यात उतरतो, निफाडला तर त्याहून खाली. थंडीत त्वचेच्या आणि हातापायांच्या धमन्या आकसलेल्या असतात, रक्तदाब थोडा चढा असतो. गरम चहा पिऊन थेट पळायला लागणारे बरेच आहेत; त्यांना माझं एकच सांगणं असतं, दहा मिनिटं स्वेटर घालून चाला, मग काढा.

तिसऱ्या आठवड्यात पांडवलेणी. पायथ्यापासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या तब्येतीने ठीक असलेल्या नवख्याला योग्य परीक्षा आहेत. चढताना धाप आधी लागते, पाय नंतर दमतात. कारण उघड आहे: पायांना पुरवठा चांगला आहे, मागणी मोठी आहे आणि ती पुरी करताना हृदय आणि श्वास यांची दमछाक होते. म्हणून वेग श्वासावरून ठरवा.

चूक होते ती वर पोचल्यावर. माझी स्वतःची झाली आहे. पहिल्यांदा वेळ लावून चढलो, वर पोचताच कठड्याला टेकून पुतळ्यासारखा उभा राहिलो आणि अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढे अंधारी आली. पायांतल्या धमन्या पूर्ण उघडलेल्या होत्या, त्यात रक्त धो-धो उतरत होतं आणि ते वर पाठवणारा पोटऱ्यांचा पंप मी एकदम बंद केला होता. नुसतं आडवं असलेलं माणूस उभं राहिलं तरी साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडून पाय आणि पोटाकडे सरकतं. इथे तर व्यायामाने वाट आणखी रुंद केलेली होती. पंधरा ऑगस्टच्या संचलनात सावधानमध्ये उभी असलेली पोरं धाडकन पडतात, त्यातही हेच असतं, आणि उकाडा असेल तर जास्तच.

वर पोचलात की थांबू नका. लेण्यांसमोरच्या सपाटीवर तीन-चार मिनिटं येरझाऱ्या घाला. थांबणं भागच असेल तर टाचा वर-खाली करत राहा. तरीही घेरी आलीच तर हिरो बनू नका, सरळ आडवे व्हा आणि पाय दगडावर वर ठेवा. अशा वेळी सोबतचे लोक धरून उभं करायला बघतात, ते अगदी उलट आहे.

उतरताना मांड्या थरथरतात आणि दुसऱ्या दिवशी दुखतात, त्याचा रक्तपुरवठ्याशी संबंध नाही. तिथे स्नायू ताणला जात असताना जोर लावत असतो, त्याने तंतूंना बारीक इजा होते. दोन-तीन दिवसांत जातं.

चौथी पायरी: धरून ठेवण्याचे व्यायाम

प्लँक (कोपर आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं), भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, उत्कटासन (तेच भिंतीशिवाय). यात स्नायू आवळलेलाच राहतो, आणि आवळलेला स्नायू आपल्याच धमन्या दाबतो. पूर्ण ताकदीच्या वीस-तीस टक्के जोर लावला की रक्ताला अडथळा व्हायला लागतो; साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे प्रवाह जवळजवळ थांबतोच. मांडी हृदयाच्या खाली असली तरी इथे काही उपयोग नाही, कारण नळावरच पाय दिलेला आहे.

म्हणून सुरुवात दहा-पंधरा सेकंदांनी करा, तेवढीच विश्रांती घ्या, आणि असं पाच-सहा वेळा. एकदम मिनिटभर धरण्यापेक्षा यात एकूण काम जास्त होतं. विश्रांतीत स्नायू खरोखर सैल सोडा, हलवा. अडलेलं रक्त त्या वेळी जोरात शिरतं, म्हणूनच सोडल्यावर मांडीत गरम लाट आल्यासारखं वाटतं.

श्वास रोखू नका, हे मी रोज पन्नास वेळा म्हणतो. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. मोठ्याने आकडे मोजा. मोजताना श्वास रोखता येत नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे व्यायाम पहिल्या महिन्यात केलेच नाहीत तरी काही बिघडत नाही.

पाचवी पायरी: हात खांद्याच्या वर नेताना

इथे पुन्हा द्राक्षबाग आठवा. डोक्यावर डंबेल ढकलणं, बारला लटकणं, वरच्या फळीवरचे डबे काढणं, घराला रंग देणं, सगळीकडे हात हृदयाच्या वर. छातीसमोर सहज उचलता येणारं वजन डोक्यावर नेताना जड वाटतं याला सांध्याची रचना आणि कोणते स्नायू कामाला लागतात हेही कारण आहे, सगळा दोष रक्ताला देऊ नका. पण वर धरलेला हात लवकर दमतो यात दाबाचा वाटा आहे.

करायचं काय? वजन हलकं घ्या, आठच्या वर फेऱ्या नकोत. प्रत्येक फेरीत हात पूर्ण खाली खांद्यापर्यंत येऊ द्या, वरच अर्ध्यात थांबून चालवू नका. दोन सेटच्या मध्ये हात अंगासरशी सोडून वीसेक वेळा मूठ उघडा-मिटा. छाटणीची माणसं हात झटकतात ते हेच. त्यांना कुणी शरीरशास्त्र शिकवलेलं नव्हतं.

आमच्याकडे छाटणीला एक ठेंगणी मावशी यायची. ती द्राक्षाचं रिकामं क्रेट उलटं टाकून त्यावर उभी राहायची, ओळीने क्रेट पुढे सरकवत. बाकीच्या बायका हसायच्या. पण क्रेटवर चढल्याने काडी तिच्या डोळ्यांसमोर यायची, कोपर छातीच्या पातळीला राहायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांत कमी कुरकुर तिचीच असायची. घरी रंगकाम करणाऱ्यांनी हे उचलावं, फक्त क्रेटऐवजी न डगमगणारा स्टूल घ्या.

सहावी पायरी: जमिनीवर आडवं होऊन

आडवं झालं की हृदय, डोकं, मांड्या सगळे एका पातळीला येतात. छातीकडे रक्त सहज परततं, हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं आणि नाडी कमी राहते. हृदयाला हे सोपं जातं. पायांना मात्र उभं असतानाचा वाढीव दाब मिळत नाही. पोटरीचा तोच व्यायाम आडवं असताना आणि पाय खाली कललेले असताना करून बघितला तर कललेल्या स्थितीत पोटरी जास्त वेळ टिकते, हे प्रयोगशाळेत नीट मोजलेलं आहे. पाठीवर झोपून सायकल चालवतानाही माणूस उभ्या सायकलपेक्षा लवकर दमतो.

पाय हवेत धरून सायकल मारण्याच्या व्यायामात तर पाय हृदयाच्याही वर गेलेले असतात. दहा-बारा फेऱ्यांत मांड्या जळायला लागल्या तर घाबरू नका. पाच फेऱ्या, पाय खाली टेकवून दहा सेकंद, पुन्हा पाच, असं करा. पाय जमिनीवर टेकवून कंबर उचलण्याचा सेतुबंध नवख्याला याहून बरा.

घड्याळात नाडी बघणाऱ्यांसाठी: उभ्याचा आकडा आणि आडव्याचा आकडा यांची तुलना करू नका. सावरकर जलतरण तलावात पोहणारेही विचारतात, "पळताना १४० जाते, पोहताना १३० च्या पुढे जातच नाही, मी कमी मेहनत करतोय का?" नाही. पोहताना अंग आडवं असतं आणि पाण्याचा दाब रक्त छातीकडे ढकलतो, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला नाडी साधारण दहा ठोके कमी दिसते.

जमिनीवरून उठताना घाई नको. आधी कुशीवर, मग बसा, वीस आकडे मोजा, पायाची बोटं हलवा, मग उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी हे नक्की पाळावं.

सायकल, आणि थोडं उलटं लटकणं

नाशिकमध्ये सायकलचं वेड किती आहे ते वेगळं सांगायला नको. इथल्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून तर गंगापूर रोडला पहाटे सायकलींची रांगच असते. साधी सायकल पायांच्या बाजूने चांगली: पाय खाली, पंप चालू. तीन गोष्टी बघा. सीट इतकी खाली नको की गुडघे पोटात येतील. हँडल घट्ट आवळू नका, आवळलेल्या पंजाचं वर सांगितलेलं सगळं होतं. आणि दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहा, कारण अरुंद सीटवर बसून बधिरपणा येतो तो तिथल्या नसा (मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या दाबल्या गेल्याने.

जिममध्ये पाठ टेकून, पाय समोर करून चालवायची सायकल असते. पाठ किंवा तोल यांचा त्रास असलेल्यांना ती उत्तम. फक्त उभ्या सायकलएवढ्याच जोरावर मांड्या थोड्या लवकर दमल्या तर नवल मानू नका, पाय हृदयाच्या जवळपास पातळीला आलेले असतात.

उलटं होण्याचा विषय निघाला की मल्लखांब आलाच. पेशव्यांच्या काळात मल्लखांबाला पुन्हा उभं करणारे बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या सप्तशृंगीच्या गडावर सुचली अशी आख्यायिका आहे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा हक्क लागतो. खांबावर उलटं होऊन मांड्यांनी पकड धरणारी पोरं बघा: मांड्या हृदयाच्या वर, आणि आवळलेल्या. रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने याहून अवघड ठेवण शोधून सापडणार नाही. म्हणून तिथे पकड काही सेकंदांची असते आणि लगेच पुढची उडी. हे बघून घरी भिंतीशी शीर्षासन सुरू करू नका. पहिल्या तीन महिन्यांत त्याची काही गरज नाही, आणि रक्तदाब, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा मानेचं दुखणं असेल तर कधीच स्वतःच्या मनाने नको.

भिंतीला पाय लावून पडणं, विपरीत करणी, मात्र खुशाल करा. पण त्याने 'पायात रक्त वाढतं' हा गैरसमज आहे. पायांतल्या शिरा रिकाम्या होतात, सूज आणि जडपणा उतरतो, म्हणून बरं वाटतं. तसंच मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात ते मुख्यतः नस दाबली गेल्याने, रक्त थांबल्याने नव्हे.

उन्हाळ्यात थोडा बदल

एप्रिल-मेमध्ये गंगापूर धरणाकडे संध्याकाळी पाचला पळायला जाणारे मला दिसतात. त्या वेळी शरीर अंग थंड ठेवायला त्वचेकडे भरपूर रक्त पाठवत असतं. तेवढंच रक्त स्नायूंनाही हवं, त्वचेलाही हवं, आणि घामाने पाणी कमी झालेलं. अशात उभं राहून केलेल्या व्यायामानंतर घेरी येण्याचा धोका सर्वांत जास्त. सकाळी सातच्या आत उरका, पाणी आधीपासून प्या, आणि शेवटची सावकाश चाल पाच मिनिटांवरून दहावर न्या.

आधी डॉक्टरांकडे कुणी जावं

छातीत दुखणं, आधी कधी व्यायामात शुद्ध हरपलेली, हृदयाचा आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब: आधी तपासणी, मग व्यायाम. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळून दुखते आणि थांबलं की काही मिनिटांत जाते, असं असेल, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल, तर पायाच्या धमन्या तपासून घ्या. रात्री पलंगावर पाय दुखतो आणि खाली लोंबकळता सोडला की बरं वाटतं, असं असेल तर तपासणीसाठी अजिबात वाट बघू नका. आडव्या पायाला दाब पुरत नाही आणि लोंबकळल्यावर वजनाने थोडं रक्त उतरतं, असा त्याचा अर्थ असू शकतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. गरोदर बायकांनी पहिल्या तीन महिन्यांनंतर पाठीवर पडून बराच वेळ व्यायाम करू नये. गर्भाशयाच्या भाराने पोटातली मोठी शीर दबते आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. कुशीवर, तेही डाव्या, ठीक.

अर्ध्या तासाची मांडणी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मी असं लावतो. आठ मिनिटं चाल, वेग वाढवत. मग उभ्याने पायांचे व्यायाम: खुर्चीवरून उठबस दहा, टाचा उचलणं पंधरा, दोन वेळा. मग हात वरचे, थोडेच, मध्ये झटकत. हातांची पाळी पायांनंतर ठेवतो आणि मध्ये मिनिटभर जागच्या जागी पावलं टाकायला लावतो, म्हणजे पायात उतरलेलं रक्त फिरतं राहतं. त्यानंतर जमीन: सेतुबंध, दहा सेकंदांचा प्लँक चार वेळा. मग कुशीवरून सावकाश उठणं आणि पाच मिनिटं रमतगमत चाल. शेवटची चाल गाळून थेट गाडीवर बसणारे आमच्याकडेही आहेत, मी त्यांच्या किल्ल्या आधीच मागून घेतो.

वहीत प्रत्येक व्यायामापुढे एक अक्षर लिहा: 'व' म्हणजे स्नायू हृदयाच्या वर, 'ख' म्हणजे खाली, 'स' म्हणजे समपातळीत. कुठला व्यायाम अचानक जमेनासा झाला तर आधी हे अक्षर बघा, मग वजन बदला.

सहा आठवड्यांनी पहिल्या दिवशीचा मुठीचा प्रयोग पुन्हा करा, तसाच, दहा मिनिटं मध्ये सोडून. दोन्ही आकडे बहुधा वाढलेले दिसतील. वर धरलेल्या हाताचा आकडा खालच्याच्या मागेच असेल, त्याची खंत करू नका.